ओर्तिझच्या पानावर पार्कर: प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

वही आजपासून. मागच्या कामात तारखा लिहिल्या नाहीत आणि शेवटी कुठली दुरुस्ती कधी केली तेच कळेना. या वेळी आळस करायचा नाही.

प्रश्न असा. १५५३ साली रोममध्ये एक पुस्तक छापलं गेलं. दिएगो ओर्तिझचं ‘त्रात्तादो दे ग्लोसास’. साध्या सुरावटीत आयत्या वेळी बारीक सूर कसे भरायचे, हे त्यात व्हायोला द गांबा (गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य) वाजवणाऱ्याला शिकवलंय. २८ ऑक्टोबर १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये जॅझवाल्या चार्ली पार्करने ‘एम्ब्रेसेबल यू’ हे गर्शविनचं गाणं सॅक्सोफोनवर दोनदा वाजवलं, दोन्ही टेक जपले गेले. या दोघांच्या बोटांत आधीपासून काय तयार होतं आणि जागेवर काय सुचलं? हे वेगळं काढता येतं का?

सामग्री एवढीच ठेवायची: ओर्तिझचं पहिलं पुस्तक (ग्रंथाच्या दोन भागांना तो ‘पुस्तक’च म्हणतो) आणि दुसऱ्यातल्या रेसेर्कादा, म्हणजे वाजवायच्या पुऱ्या रचना, पार्करचे ते दोन टेक, आणि जोडीला त्याचाच १९४५ चा ‘को-को’. आणखी काही वाढवायचं नाही. आणि राग-तान-आलाप यांची तुलना आणायची नाही. आपल्याकडे कुठल्याही इम्प्रोव्हायझेशनबद्दल बोलायला लागलं की तिसऱ्या वाक्यात कुणीतरी ‘म्हणजे आपल्यासारखंच की’ म्हणतं आणि मूळ विषय तिथेच बसतो.

शब्दाचं काय करायचं? ‘उत्स्फूर्त’ म्हटलं की तयारी पुसली जाते. ‘उपज’ बरा आहे, पण तो आपल्या गाण्याचा वास घेऊन येतो. सध्या इम्प्रोव्हायझेशनच लिहिते, लांब असलं तरी.

१४ जून

ओर्तिझच्या छापील प्रतीच्या चित्रांवरून आजच्या नोटेशनमध्ये उतरवायला घेतलं. ओर्तिझ मूळचा तोलेदोचा, पण नोकरी नेपल्सला, स्पॅनिश व्हाइसरॉयच्या दरबारी. नेपल्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. पुस्तक एकाच वेळी स्पॅनिश आणि इटालियन अशा दोन भाषांत निघालं, छापणारे दोरिको बंधू.

पानावर बारच्या (ठोक्यांच्या ठरावीक गटांच्या) उभ्या रेघा नाहीत. सुरांची रांग नुसती चालत राहते, कुठे श्वास घ्यायचा ते आपण शोधायचं. पहिले दोन दिवस छान गेले. आज संध्याकाळी खालचा बास जोडून पियानोवर वाजवून पाहिलं तर सगळं कडू. तासभर ओर्तिझलाच दोष दिला, मुद्रकालाही. मग लक्षात आलं की सी-क्लेफ (‘सी’ कुठल्या रेघेवर ते सांगणारी खूण) तिसऱ्या रेघेवरचा समजून मी वाचत होते आणि तो चौथ्या रेघेवर आहे. म्हणजे दोन दिवसांचे सगळे सूर एका तिसऱ्याने (थर्डने, म्हणजे दोन पायऱ्यांनी) चुकलेले. सॉफ्टवेअरमध्ये सगळं निवडून एका बटणात खाली आणता आलं, नाहीतर आज रडले असते.

२१ जून

पहिलं पुस्तक वापरायचं कसं, हे ओर्तिझ स्वतः सांगतो, आणि ते इतकं व्यवहारी आहे की हसू आलं. तुम्हाला जो आवाज सजवायचा आहे तो कागदावर उतरवून घ्या. त्यात जिथे जिथे कडेन्स येईल, म्हणजे वाक्य संपून सूर विसावेल, तिथे माझ्या पुस्तकात तीच कडेन्स शोधा. तिच्याखाली तयार ग्लोसा, म्हणजे भरायच्या बारीक सुरांचे नमुने, दिल्यात, आवडेल ती उचला. कडेन्स नसेल, नुसता एक सूर दुसऱ्याकडे जात असेल, तर त्या अंतराचं पान काढा: दुसऱ्याने वर, तिसऱ्याने वर, चौथ्याने, मग खाली.

पान असं दिसतं: सगळ्यात आधी कडेन्स साधी, दोनचार लांब सूर. मग तीच पुन्हा, थोडी भरलेली. मग पुन्हा, जास्त भरलेली. ओळीमागून ओळ. सगळ्या ओळी निघतात त्याच सुरावरून आणि पोचतात त्याच सुरावर, मधली वाट तेवढी बदलते. पाककृतीच्या पुस्तकात एका डाळीला सात फोडण्या द्याव्यात तसं.

ग्लोसा करायच्या तीन पद्धती तो सांगतो. पहिली, सगळ्यात चोख: ज्या सुरावरून निघालात त्याच सुरावर परत येऊन मगच पुढच्या सुराकडे जा. मूळ चाल अशी मोडत नाही आणि इतर आवाजांशी भांडणही होत नाही. दुसरीत थोडी सूट आहे. पुढच्या सुराकडे थेट गेलं तरी चालतं, त्याने गोडवा येतो. तिसरी म्हणजे रचना सोडून कानाच्या भरवशावर भटकायचं आणि कुठल्यातरी कडेन्सला येऊन मिळायचं. ही त्याला अजिबात पसंत नाही.

पार्कर या तिसऱ्या खान्यात बसतो की काय? वरवर पाहता बसतो. ‘एम्ब्रेसेबल यू’च्या पहिल्या टेकमध्ये गर्शविनची चाल जवळजवळ नाहीच. हे पुढे तपासायचं.

२ जुलै

पार्कर उतरवायला घेतला. गाणं एफ मेजरमध्ये. एका संकेतस्थळावरून घेतलेली प्रत पियानोशी जुळेना, एफ आणि एफ शार्पच्या मधे कुठेतरी लोंबकळत होती. जुन्या तबकडीवरून घेताना गती चुकली की स्वर चढतो आणि लयही. दुसरी प्रत मिळवली, ती नीट आहे. आदल्या चार संध्याकाळी पाण्यात.

पहिल्या टेकची सुरुवात पन्नासेक वेळा ऐकली असेल. सहा सुरांचा एक लहानसा तुकडा. तो संपतो तोच पुन्हा येतो, जरा वर सरकून. पुन्हा येतो, शेपूट बदलून. खालची हार्मनी बदलत जाते आणि तुकडा तिच्यावर वाकत जातो. त्यानंतर एकदम भरभर सूर सुटतात, आणि मंद गाण्यावर दुप्पट लयीत कुणीतरी बोलायला लागल्यासारखं होतं. मागे ड्यूक जॉर्डनचा पियानो, टॉमी पॉटरचा बास आणि मॅक्स रोच ड्रमवर, ब्रश घेऊन.

दुसऱ्या टेकमध्ये हा सहा सुरांचा दरवाजाच नाही. तोच दिवस, तेच लोक, तेच ३२ बार, आणि सुरुवात दुसरीच.

९ जुलै

बाबा आज खोलीत येऊन बसले. पार्कर चालू होता. खुर्चीच्या हातावर त्यांनी केहरवा धरला, डोळे मिटले. मला बरं वाटलं. आठदहा आवर्तनांनी डोळे उघडून म्हणाले, “माणूस तयारीचा आहे. पण समेला येतो कुठे हा?”

मी म्हटलं, “बाबा, यात सम नसते.”

“सम नसते असं नसतं. तुला सापडली नसेल.”

चिडून हेडफोन लावले. पण रात्री परत तेच ऐकत बसले. पार्करच्या ओळी संपतात कुठे? बारच्या पहिल्या ठोक्यावर क्वचितच. एकतर अर्धा ठोका आधी, नाहीतर चांगला उशीर करून. पण कोणत्या सुरावर संपतात ते पाहिलं तर त्यात इतकी मोकळीक नाही. जीवेची तिसरी, पाचवी, कधी नववी. काळ हलवतो, जागा सहसा नाही.

(जीवा म्हणजे इथे कॉर्ड. हा शब्द भूमितीच्या तासाला भेटलेला. वापरावा की नाही ठरत नाही. कॉर्डच बरा.)

१८ जुलै

वाचन. १९७४ हे वर्ष या विषयात फार गजबजलेलं आहे. ‘म्युझिकल क्वार्टर्ली’च्या त्या वर्षीच्या अंकांत ब्रूनो नेट्टलचा लेख: इम्प्रोव्हायझेशन आणि रचना ही दोन टोकं मानू नका, एकाच पट्टीवरच्या मागेपुढे असलेल्या जागा आहेत. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात लिओ ट्रेटलरचा होमर आणि ग्रेगरी (ग्रेगोरियन गायन ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो पोप) यांच्यावरचा लेख. आणि त्याच साली लॉस एंजेलिसला टॉमस ओवेन्सचा पार्करवरचा प्रबंध. पार्करच्या वादनात परत परत येणारे सुमारे शंभर तुकडे त्याने वेगळे काढून त्यांची वर्गवारी केली.

ट्रेटलरचा धागा असा: १९३०च्या दशकात मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड युगोस्लाव्हियात फिरले. गुसले नावाचं एकतारी वाद्य घेऊन हजारो ओळींची वीरकाव्यं म्हणणारे लोक त्यांनी ध्वनिमुद्रित केले. हे लोक पाठ म्हणत नव्हते. वृत्तात बसणारे तयार शब्दसमूह, म्हणजे फॉर्म्युले, हाताशी असत आणि त्यांवर काव्य दर वेळी नव्याने उभं राहत असे. होमरही असाच असणार, हा त्यांचा निष्कर्ष. ट्रेटलरने तेच ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चमधल्या जुन्या एकेरी प्रार्थनागायनाला, लावलं: सुरलेखन येण्याआधी शेकडो चाली साधूंच्या ध्यानात राहिल्या त्या जशाच्या तशा पाठ करून नव्हे. कुठल्या प्रसंगाला कशी सुरुवात, कुठे कशी कडेन्स, हे त्यांना माहीत होतं आणि त्यातून चाल दर वेळी उभी राहत होती. पुढे १९८३ मध्ये हार्वर्डला ग्रेगरी स्मिथने हाच चष्मा लावून जॅझवाल्या बिल एव्हान्सच्या पियानोवादनावर प्रबंध लिहिला. होमर, ग्रेगरी, बिल एव्हान्स. मालिका बघून पहिल्यांदा मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय.

मला हे पटायला युगोस्लाव्हियाला जावं लागलं नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्या. ‘पहिली माझी ओवी’ असं सुरू झालं की पुढचं कुणाला, रामाला की भावाला की माहेरच्या वाटेला, ते ओवी सुरू झाल्यावर ठरायचं. पहिला अर्धा चरण हा विचार करायला घेतलेला वेळ असायचा. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्या लाखाच्या वर जातात; त्या वाचताना तोच अर्धा चरण शेकडो तोंडी भेटतो आणि कुणीही कुणाची नक्कल करतंय असं वाटत नाही.

राग-संगीत नको म्हणून लिहिलं होतं. ओवी चालेल. नियम माझेच आहेत.

३० जुलै

मोजणीचा बोजवारा.

ठरलं होतं ते असं: ओर्तिझच्या आठ रेसेर्कादा (खाली फोलिआ, रोमानेस्का, पास्सामेत्झो असे ठरलेले बास) आणि पार्करचे टेक संगणकाला द्यायचे, परत येणारे तुकडे मोजायचे, कोण किती ‘तयार माल’ वापरतो ते काढायचं. तीन सुरांचा तुकडा धरला तर सगळं सगळीकडे सापडतं. सा-रे-ग कुणाच्या बापाचं नाही. सात सुरांचा धरला तर जवळजवळ काहीच सापडत नाही. पाचावर आकडे देखणे येतात, पण ते मी पाच निवडले म्हणून येतात.

दुसरं असं की पार्करचा एक तुकडा दोनदा येतो तेव्हा त्याची जात तीच असते पण सूर तेच नसतात. एकदा वरून एक जास्तीचा सूर, एकदा मधला गाळलेला. कानाला एकच, संगणकाला दोन. ओवेन्सने हे सगळं हाताने आणि कानाने केलं होतं, हे आता आदराने आठवतं. जर्मनीत वायमारच्या संगीत विद्यापीठातला जॅझोमॅट प्रकल्प ४५६ सोलो उतरवून खुले ठेवतो आणि त्यांची शोधयंत्रणा अंदाजे जुळणारे तुकडेही पकडते. पण मग ‘अंदाजे’ किती, हे परत माणसानेच ठरवायचं.

६ ऑगस्ट

काही नाही. क्लासच्या मुलांच्या परीक्षा.

१७ ऑगस्ट

ओर्तिझच्या मागे जायचं नव्हतं, पण एका तळटीपेने ओढलं. संगीतशास्त्रकार तिंक्तोरिसने १४७७ साली, तोही नेपल्समध्येच, काउंटरपॉइंटवर, म्हणजे एकाच वेळी चालणारे अनेक आवाज जुळवण्यावर, ग्रंथ पुरा केला. त्यात तो दोन गोष्टी वेगळ्या करतो. एक ‘रेस फाक्ता’, म्हणजे केलेली वस्तू, लिहून पुरी केलेली रचना. तिच्यात प्रत्येक आवाज दुसऱ्या प्रत्येकाशी जुळला पाहिजे. दुसरी ‘सुपर लिब्रुम कान्तारे’, पुस्तकावर गाणं. चौघे गायक एका मोठ्या पोथीसमोर उभे, पोथीत फक्त मूळ प्रार्थनेची एकेरी चाल, आणि त्यावर बाकीचे आपापला आवाज मनाने गातात. इथे प्रत्येकाने त्या मूळ चालीशी जुळावं एवढं पुरे; आपसात जुळले तर कौतुक.

याला बरीच वर्षं सरळ इम्प्रोव्हायझेशन म्हटलं गेलं. एर्न्स्ट फेरांडने १९३८ मध्ये युरोपीय इम्प्रोव्हायझेशनचा जाडजूड इतिहास लिहिला, तेव्हापासून हा दाखला हमखास येतो. १९८३ मध्ये मार्गारेट बेंटने आक्षेप घेतला: लिहिलेलं नाही म्हणजे ठरवलेलं नाही, हे कुणी सांगितलं? हे गायक मनात रचना करत, आपसात बोलून ठेवत, तालीम करत. कागद नसला तरी ते आयत्या वेळचं नव्हे.

वाद वाचताना मी दर पाच पानांनी पक्ष बदलला. शेवटी बेंटकडे झुकले, आणि झुकल्याबरोबर पार्करची आठवण झाली. त्याच्याबद्दलही हेच म्हणता येईल. ‘को-को’ हा ‘चेरोकी’ या गाण्याच्या कॉर्डवर उभा आहे, आणि पार्कर त्या कॉर्डवर वर्षानुवर्षं वाजवत होता. २६ नोव्हेंबर १९४५ ला स्टुडिओत जे झालं ते आयतं नव्हतं, आणि लिहिलेलंही नव्हतं. या दोन्हींच्या मधल्या खोलीला आपल्याकडे नाव नाही. इंग्रजीतही नाही, तेवढंच समाधान.

त्या सत्राचा किस्सा इथे टिपून ठेवते. पहिल्या टेकमध्ये मंडळी ‘चेरोकी’ची चालच वाजवायला लागली आणि मधेच थांबवण्यात आली. चाल वाजवली असती तर संगीतकाराला पैसे द्यावे लागले असते. कॉर्डवर मात्र मालकी नसते. बीबॉपमधली (पार्करच्या पिढीचा वेगवान जॅझ) कित्येक ‘नवी’ गाणी अशी जुन्या गाण्याच्या पायावर बांधलेली आहेत. एकट्या ‘आय गॉट रिदम’च्या कॉर्डवर किती, याचा हिशेब नाही. ओर्तिझचा फोलिआसुद्धा कुणाचा नव्हता. पण तो बिनमालकीचा होता कारण मालकी हा प्रश्नच नव्हता. न्यूयॉर्कमध्ये प्रश्न होता, म्हणून पळवाट होती.

१ सप्टेंबर

प्रात्यक्षिक. व्हायोला द गांबा पुण्यात कुठून आणणार. एक चेलोवादक मैत्रीण आली. हार्प्सिकॉर्डऐवजी (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) कीबोर्ड, मी. आणि आमचा सॅक्सवाला, वय चोवीस, लग्नाच्या रिसेप्शनमध्ये वाजवून पोट भरतो आणि घरी फक्त बीबॉप.

आधी चेलोने ओर्तिझची दुसरी रेसेर्कादा वाजवली. खाली पास्सामेत्झो मोदेर्नो: एक, चार, एक, पाच, एक, चार, एक-पाच, एक (आकडा म्हणजे सप्तकातल्या त्या क्रमांकाच्या सुरावरची कॉर्ड). सॅक्सवाल्याने दोन फेऱ्या ऐकल्या आणि म्हणाला, “ताई, हे तर ब्लूजच्या घरातलं आहे.” हे त्याचं एकट्याचं मत नाही. पीटर व्हान डर मर्वने १९८९ च्या पुस्तकात बारा बारांच्या ब्लूजची वंशावळ याच बासपर्यंत नेली आहे. मला ती फार ताणलेली वाटते. तीन कॉर्ड असतील तर ते कुठल्यातरी क्रमानेच येणार. चेहरा जुळला म्हणून नातं निघत नाही.

मग त्याला फोलिआवर सोडलं. पहिल्या फेरीत तो बेतानेच वाजवत होता, दुसरीपासून सुटला. ऐकायला मजा. पण चेलोवालीच्या कपाळावर आठी. “तो माझ्या अंगावरून जातोय,” ती म्हणाली. टेप परत ऐकली तेव्हा समजलं. बास पाचव्यावर यायच्या आधीच हा पाचव्याचे सूर घेऊन मोकळा होतो आणि बास पहिल्यावर पोचला तरी हा अजून पाचव्यातच रेंगाळतो. ओर्तिझ असं करत नाही. बासचा सूर बदलतो तेव्हा तो तिथे हजर असतो.

त्याला म्हटलं, पहिली पद्धत वापर: निघालास त्या सुरावर परत ये, मगच पुढे जा. दहा मिनिटं त्याचा चेहरा शाळेतून घरी न सोडलेल्या मुलासारखा. मग हळूहळू बसलं. आणि बसलं तेव्हा ते सोळाव्या शतकासारखं वाटू लागलं, सॅक्सोफोन असूनही. एवढ्या एका नियमाने.

२ सप्टेंबर

कालचं डोक्यातून जात नाही, म्हणून ओर्तिझचा फँटसीबद्दलचा परिच्छेद परत वाचला. व्हायोला आणि हार्प्सिकॉर्डने मिळून काहीच आधी न ठरवता वाजवायचं ते. ते मी दाखवू शकत नाही, म्हणतो, कारण प्रत्येक जण आपल्या परीने वाजवतो. पण काय लागतं ते सांगतो: हार्प्सिकॉर्डने नीट लावलेले स्वरमेळ धरावेत, व्हायोलाने त्यावर डौलदार तुकडे घेऊन शिरावं, व्हायोला लांब सुरावर थांबली की हार्प्सिकॉर्डने उत्तर द्यावं, आणि एकमेकांसाठी थांबत, एकमेकांचे तुकडे उचलत जावं.

हे पोरं आजही कुठल्याही जॅम सेशनला करतात. ड्यूक जॉर्डनही पार्करच्या मागे हेच करतोय. पुस्तकात जे शिकवता येत नाही म्हणून त्याने सोडून दिलं, नेमकं तेवढंच पार्करच्या रेकॉर्डवर धडधडीत ऐकू येतं. उलट ओर्तिझ जे पानोपानी शिकवतो ते पार्करने कुठे लिहून ठेवलेलं नाही. एकाचं पुस्तक आहे, आवाज नाही. दुसऱ्याचा आवाज आहे, पुस्तक नाही. मी जून महिन्यापासून पुस्तकाची आवाजाशी तुलना करतेय आणि आकडे जुळत नाहीत म्हणून रडतेय.

२० सप्टेंबर

क्लासच्या कामाने मडगावला. एका घरी एका निवृत्त व्हायोलिनवादकांशी तासभर बोलणं झालं (नाव देत नाही, त्यांनी तसं सांगितलंय). लहानपणी ते चर्चच्या शाळेत, एश्कोल पारोकियालमध्ये, सोल्फेज (सुरांची नावं घेत नोटेशन गाणं) शिकले. गोव्यात या शाळांची परंपरा सोळाव्या शतकापासूनची. म्हणजे ओर्तिझचं पुस्तक निघालं त्या काळातली. तिथून निघालेले लोक मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये आणि पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात भरले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला बँड घेऊन ताजमध्ये आला, नंतर टेडी वेदरफोर्ड. आणि बघता बघता गोव्याचे अंतोनिओ झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाले.

त्यांना विचारलं, नोटेशन वाचणाऱ्या हाताला सोलो घेणं जड गेलं का? ते म्हणाले, वाचणं सोपं, कारण तिथे उत्तर लिहिलेलं असतं. सोलोत प्रश्नच आपण घालायचा. पुढे त्यांनी चहा मागवला आणि विषय माशांच्या भावावर गेला.

प्रकल्पात हे बसत नाही. तरीही लिहून ठेवलं.

८ ऑक्टोबर

सापडलं असं वाटतंय. पार्करच्या आवाजातून ओर्तिझचं पान बनवायचं.

गाण्यात एक वळण एकाहून जास्त वेळा येतं: जी मायनर, सी सेव्हन, एफ. ही पार्करची कडेन्स. दोन्ही टेकमधल्या अशा सगळ्या जागा काढल्या आणि एकाखाली एक लावल्या, काळाच्या क्रमाने नाही तर साध्यापासून भरलेल्याकडे. सगळ्यात वर नुसती कडेन्स, लांब सुरांत, ओर्तिझ देतो तशी. खाली पार्करच्या ओळी.

कागद छापून टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे गेले. दुरून ते हुबेहूब १५५३ चं पान दिसतं. जवळ गेल्यावर फरक: ओर्तिझच्या ओळी डावीकडे एकाच सुरावर सुरू होतात आणि उजवीकडे एकाच सुरावर संपतात, काठ सरळ. पार्करच्या पानाचा डावा काठ फाटलेला, कुठून सुरू होईल भरवसा नाही. पण उजवीकडे, एफ कॉर्डशी, ओळी दोनतीन सुरांत गोळा होतात. आणि त्या सुरांवर येताना तो वरून एक, खालून एक असा वेढा घालून येतो. जॅझवाले त्याला एन्क्लोजर म्हणतात.

म्हणजे तो ओर्तिझच्या तिसऱ्या खान्यात नाही. कानाने भटकून कशीतरी कडेन्स गाठणारा हा नव्हे. पहिल्यातही नाही, कारण निघाल्या सुरावर तो परत येत नाही. ओर्तिझ मागच्या सुराला बांधलेला आहे, पार्कर पुढच्या. पोचायचं कुठे ते आधी ठरलेलं आणि ओळ तिथून उलटी उलगडत आणलेली, असं काहीसं.

बाबांना पान दाखवलं नाही. ते ‘सांगितलं होतं ना’ म्हणतील.

१९ ऑक्टोबर

शंका. हे पान मी लावलंय, पार्करने नाही. साध्यापासून भरलेल्याकडे हा क्रम ओर्तिझचा. तो लावल्यावर पार्कर ओर्तिझसारखा दिसणारच. उपाय म्हणून तेच पान काळाच्या क्रमाने लावून पाहिलं. डावा काठ तसाच फाटका, उजवा तसाच गोळा. म्हणजे उजव्या काठाची गोष्ट माझ्या मांडणीतून आलेली नाही. बरं वाटलं. पण दोन टेक म्हणजे मूठभर ओळी. यावरून ‘पार्कर असा वाजवायचा’ म्हणणं म्हणजे दोन ओव्यांवरून आजी सांगण्यासारखं.

वाटेत सिल्व्हेस्त्रो गानास्सीचं १५३५ चं रेकॉर्डरवरचं पुस्तक चाळलं, ‘फोंतेगारा’, व्हेनिस. त्याच्या पहिल्या नियमात एका सेमीब्रेव्हला, म्हणजे एका लांब सुराला, चार सूर, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सहा, चौथ्यात सात. पाच आणि सातच्या भागण्या नव्या जमान्याच्या म्हणणाऱ्या सॅक्सवाल्याला पानाचा फोटो पाठवला. उत्तर: डोकं फुटल्याची इमोजी.

५ नोव्हेंबर

छोट्या गटासमोर पहिल्यांदा मांडलं, ऑनलाइन, पंधरा मिनिटं. दोन प्रश्न आले. पहिला अपेक्षित: जॅझवाल्या यान गार्बारेकने हिलिअर्ड एन्सेंबल या गायकांबरोबर सोळाव्या शतकातल्या मोरालेसच्या चर्चसंगीतावर सॅक्सोफोन वाजवला, त्या १९९४ च्या अल्बमबद्दल काय? सुंदर आहे, मी कितीदा ऐकलाय. पण गार्बारेक मोरालेसच्या काळचे नियम पाळत नाही, पाळायचा दावाही नाही. तो शेजारी उभा राहून बोलतो. माझ्या प्रश्नाचा तो पुरावा नव्हे, आणि हे सांगताना माझा स्वर उगाच तिखट झाला.

दुसरा प्रश्न चांगला होता: दुसरा टेक वाजवताना पार्करच्या कानात पहिला असणारच. मग दुसऱ्याची सुरुवात वेगळी आहे ती सुचली म्हणून, की पहिली टाळायची म्हणून? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसंच सांगितलं.

रात्री दुसरा टेक लावून बसले. मधल्या भागात, भरभर ओळीच्या शेवटी, एक सूर बासखाली दडलाय. ए आहे की ए फ्लॅट ते अजून ठरत नाही, आणि ती ओळ माझ्या पानावर खालून दुसरी आहे. उद्या चेलोवालीचे हेडफोन मागून आणते.